हेल्मी : हरकत नाही

डुलुथ
६ फेब्रुवारी २०१९

हेल्मी,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून दचकली असशील. घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. आपल्या घरात पत्र आलं की ते मयताचंच असतं, ही सवय मीच लावून ठेवली आहे. बाबांच्या वेळी एक लिहिलं, आईच्या वेळी एक. दोन्ही वेळा तू आलीस, चर्चमध्ये पलीकडच्या बाकावर बसलीस आणि कॉफीला न थांबता ॲस्टोरियाला परत गेलीस. सख्ख्या भावाशी चार शब्द बोलायला तुला सवड झाली नाही. असो. तिकडे पाऊस असेल. इकडे सरोवर गोठलंय आणि त्याच्याबरोबर माझा उजवा खांदाही.

बेकरी चालू आहे. आपण सुरू केली तेव्हाच्या चौघांपैकी मी, मेव्हिस आणि व्हर्जिल अजून तिथेच आहोत. मी भट्टीवर, मेव्हिस दुकानात. व्हर्जिल पूर्वी पीठ मळायचा, आता मुख्यतः बोलतो. मंगळवारची बैठक म्हटलं की अजूनही लग्नाला निघाल्यासारखे केस विंचरून येतो. गेल्या महिन्यात वेलदोड्याच्या गोड पावात बेदाणे घालायचे की नाही यावर आमचे तीन मंगळवार गेले. शेवटी एकमताने ठरलं की बेदाणे वाटीत वेगळे ठेवावेत, ज्याला हवे त्याने घ्यावेत. आता पावाशेजारी वाटी असते आणि तिला कोणी हात लावत नाही.

विद्यापीठातून एक प्राध्यापकबाई आल्या होत्या. माणसांचा गट कसा जमतो, कसा वाढतो, यावर त्या शिकवतात. त्यांनी आमच्या फळ्यावर जिना काढला. आधी सगळे गोड बोलतात, मग भांडतात, मग नियम करतात, मग कामाला लागतात. व्हर्जिल नुसता मान डोलावत होता. मेव्हिसने विचारलं, ‘‘बाई, आमची चव्वेचाळीस वर्षं झाली. आम्ही कुठल्या पायरीवर?’’ बाई म्हणाल्या, पाचवीही एक असते, पांगण्याची. मी पाव काढायला उठलो.

तसं बाईंना दाखवण्यासारखं आमच्याकडे खूप होतं. गावातलं सहकारी किराणा दुकान, पतपेढी, म्हाताऱ्यांसाठी घरं बांधणारं मंडळ, या सगळ्यांची पहिली बैठक आपल्याच पिठाच्या पोत्यांवर बसून झाली. तुला आठवत असेल, पतपेढीवाले उठले तेव्हा सगळ्यांच्या पँटी मागून पांढऱ्या होत्या. आज तेच लोक टाय लावून कर्ज देतात आणि आम्हाला ओळखही दाखवतात.

काम असं काही नाही, सहज लिहिलं. तुझ्या भावजयीने, ऑड्रीने, आठवण सांगितली आहे.

आर्वो

ता. क. तुझी सही अजून तशीच आहे का, शेवटच्या अक्षराला लांब शेपटी असलेली? सहज विचारतोय.

२० फेब्रुवारी २०१९

हेल्मी,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. त्या ताज्या कलमावरून तू काय ते ओळखलं असशील. लहानपणी मी ‘सहज’ म्हणालो की तू तुझा चॉकलेटचा डबा उचलून दुसऱ्या खोलीत जायचीस.

तर खरं काय ते लिहितो. मिनिआपोलिसची एक मोठी पाव कंपनी आपली बेकरी विकत घेतेय. नाव, दुकान, राय धान्याच्या काळ्या पावाची कृती, सगळं. किंमत बरी देतायत. माझ्या खांद्याचं ऑपरेशन होईल, मेव्हिस मुलीकडे राहायला जाईल, व्हर्जिलला काय करायचंय ते तो कुठल्यातरी बैठकीत ठरवील. ऑड्रीच्या फुप्फुसांना आता इथली थंडी झेपत नाही. डॉक्टरांनी तीन हिवाळ्यांपूर्वीच सांगितलंय, दक्षिणेला जा. तिची बहीण न्यू मेक्सिकोत आहे, खोली देतेय. ऑड्री तोंडाने काही म्हणत नाही. रात्रभर खोकते आणि सकाळी मला विचारते, ‘‘झोप लागली ना रे नीट?’’ मला थांबायचंय, हेल्मी. पहाटे उठून त्या भट्टीचं तोंड बघायचा मला आता कंटाळा आलाय. हे मी बेकरीत कोणाजवळ बोललेलो नाही.

अडचण तू आहेस.

आपला नियम तुला मी सांगायला नको, तूच तो सगळ्यांत मोठ्या आवाजात मांडला होतास. मतदान नाही. सगळ्यांची नावं पुकारायची, एकानेही नाही म्हटलं तर ठराव पडला. आणि कोणाचं नाव कमी करायचं तर तेही सगळ्यांच्या संमतीने, ज्याचं नाव त्याच्यासकट. तू निघून गेलीस तेव्हा तुला विचारायला जाणार कोण? व्हर्जिल म्हणाला, ‘‘राहू दे. येईल रागबिग शांत झाला की.’’ म्हणून तुझं नाव राहिलं. अठ्ठावीस वर्षं दर मंगळवारी आम्ही नावं पुकारतो. आर्वो. हो. हेल्मी. मग सगळे जरा वेळ टेबलाकडे बघतात. मग व्हर्जिल वहीत लिहितो, ‘हेल्मी : हरकत नाही’, आणि पुढे मेव्हिस.

आम्हाला ते कधी विचित्र वाटलं नाही. नवीन येणाऱ्यांना सुरुवातीला वाटायचं की तू वारलीस आणि हे आपलं श्रद्धेने चाललंय. एकाने तर टोपीसुद्धा काढली होती. नवीन भट्टी घेतली तेव्हा तुझी हरकत नव्हती. ब्रेड कापायचं यंत्र, सोमवारची सुट्टी, वाटीतले बेदाणे, तुझी कशालाच हरकत नव्हती. सभासद म्हणून तुझ्याइतकी गुणी कोणी झाली नाही, असं मेव्हिस म्हणते.

कंपनीच्या वकिलाने यादी वाचली आणि विचारलं, ‘‘या हेल्मी राऊतिओ कुठल्या पाळीला असतात?’’ आम्ही सांगितलं. तो बराच वेळ चष्मा पुसत बसला. मग म्हणाला, ‘‘गप्प बसणं आमच्याकडे चालत नाही. सही लागेल.’’

कागद सोबत जोडलाय, खूण केली आहे तिथे सही कर. तुझा वाटा तुला मिळेलच. तू गेलीस त्या दिवशी सुपरमार्केटला पाव पुरवायच्या कंत्राटावर इतकं बोलणं झालं, शेवटी तू गप्प झालीस, आम्ही समजलो की तुझी शंका फिटली. मग तू कोट घ्यायला म्हणून उठलीस ती परत आलीच नाहीस. मी त्याबद्दल तुला कधी बोल लावला नाही. तूही आता ताणू नकोस.

आर्वो

१३ मार्च २०१९

हेल्मी,

तुझा कागद आला नाही ते एक, आणि इथे दुसरंच सुरू झालंय. काल काओ नाही म्हणाली.

काओ वांग तुला माहीत असायचं कारण नाही. ह्मोंग लोकांची मुलगी, आईवडील लाओसमधून निर्वासित म्हणून आले, ती इथेच सेंट पॉलला जन्मली. सात वर्षांपूर्वी भांडी घासायला लागली, आज रायचा पाव तीच करते. मी भट्टी सांभाळतो एवढंच. कामाला चोख आहे आणि तोंडाला फटकळ. मी पाव जरा जास्त ठेवला की म्हणते, ‘‘आर्वो, हा विकायचाय की याच्यावर नाव कोरून थडग्यावर लावायचाय?’’

विक्रीचा विषय हा तिसरा मंगळवार. पहिल्या दोन वेळा ती ‘विचार करते’ म्हणाली. काल नाव पुकारल्यावर म्हणाली, ‘‘नाही.’’ कंपनी पाव शहरातल्या कारखान्यात करणार आणि गोठवून ट्रकने इथे आणणार. इथे नुसता गरम करायचा. आत्ता ती मालक आहे, मग पगारी नोकर होईल, तेही ठेवलंच तर. आम्ही तिला म्हटलं, तुलाही तुझा वाटा मिळेल. ती म्हणाली, ‘‘माझ्या सात वर्षांच्या वाट्यात एक जुनी गाडी येईल. ती चालवत मी कुठे जाऊ?’’

व्हर्जिल म्हणाला, ‘‘तुझी काळजी आमच्यापर्यंत पोचली, काओ. आपण जरा वेळ घेऊ या.’’ मेव्हिसने कॉफी ठेवली. कॉफीनंतर पुन्हा पुकारलं. ती नाही म्हणाली. मग मेव्हिसने तिच्या मुलीकडच्या नातवंडांबद्दल सांगितलं. मग मी खांदा दाखवला. होय, सदरा काढून दाखवला, इतक्या थराला आलोय मी. मग पुन्हा पुकारलं. ती पुन्हा नाही म्हणाली, पण आवाज जरा उतरला होता. व्हर्जिल घरी जाताना जिन्यात मला म्हणाला, ‘‘अजून दोन-तीन मंगळवार. येईल ती.’’

मला तिचा राग आला, खोटं कशाला बोलू. तिचं वय तीस नाही अजून. ही बेकरी बंद झाली तर ती दुसरी काढील, आम्हीही तिच्याच वयाचे होतो. पण घरी येताना एक गोष्ट डोक्यात आली ती सांगतो. आमचं एकमत म्हणजे ज्याला सगळ्यांत शेवटी झोप येते त्याचं मत. व्हर्जिलला झोप येत नाही, त्यामुळे चव्वेचाळीस वर्षं बेकरी बहुतेक त्याच्या मताने चालली आणि ते कोणाच्या ध्यानात आलं नाही, त्याच्यासुद्धा नाही. तो मनाने भला माणूस आहे. कोणावर आवाज चढवत नाही. दुसऱ्याचं बोलणं तो शेवटपर्यंत ऐकून घेतो आणि मग पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.

आजोबांचं सहकारी दुकान आठवतं? दोन तट पडले तेव्हा भावाभावांनी एकमेकांच्या सौनात, वाफेच्या न्हाणीघरात, जाणं सोडलं. अर्धं गाव एका दुकानातून साखर घ्यायचं, अर्धं दुसऱ्या. म्हणून आपण ठरवलं होतं की आपल्यात तट पडू द्यायचे नाहीत, कोणाला हरवायचं नाही. ते जमलं. आमच्यात कधी कोणी हरलं नाही. थकले मात्र सगळे.

तू सही करून टाक, हेल्मी. तुझं झालं की काओवर थोडा भार येईल. असं मी लिहिलंय ते वाचून मलाच बरं वाटत नाहीये, पण लिहून झालंय.

आर्वो

३ एप्रिल २०१९

हेल्मी,

तुझं कार्ड मिळालं. सहीसुद्धा मिळाली, शेपटी अजून तशीच आहे. पण मी पाठवला त्या कागदावर ती नाही. कार्डाच्याच तळाशी आहे.

तू लिहिलं आहेस, ‘माझं नाव कमी करा. त्याला माझी संमती आहे. विक्रीवर मला काही म्हणायचं नाही आणि वाटाही नको, मी लोकांचे पियानो सुरात लावून देते आणि माझं भागतं. पण तुझ्या पत्रातलं एक दुरुस्त करते. मी त्या दिवशी गप्प झाले नव्हते. मी चार वेळा नाही म्हणाले. चारही वेळा तू म्हणालास, जरा वेळ घेऊ या. पाचव्यांदा म्हणायला माझ्यात त्राण नव्हतं म्हणून मी कोट घेतला.’

वाचून आधी मी चिडलो. अठ्ठावीस वर्षांनी चार ओळी लिहायच्या आणि त्याही अशा. बैठक व्हर्जिल चालवायचा, मी कशाला म्हणीन, असं स्वतःशी घोकत दुकानात गेलो आणि मेव्हिसला कार्ड दाखवलं. तिने वाचलं, गिऱ्हाइकाला सुटे पैसे दिले, मग म्हणाली, ‘‘तूच म्हणत होतास. त्या दिवशी बैठक तुझ्याकडे होती. कॉफी मी ठेवली होती.’’

‘‘मग तू इतकी वर्षं बोलली का नाहीस?’’

‘‘कुणी विचारलं मला? तुम्ही म्हणालात ती गप्प होती, मी म्हटलं असेल. आणि खरं सांगू का आर्वो, मलाही ते कंत्राट हवं होतं. माझं घराचं कर्ज होतं तेव्हा.’’

ते कंत्राट आपल्याला फळलं, हे तुलाही कबूल करावं लागेल. त्याच्यावरच नवीन भट्टी आली, त्याच्यावरच पाच माणसं वाढली, काओही त्यातलीच. तुझं ऐकलं असतं तर कदाचित बेकरी त्याच हिवाळ्यात बसली असती. मी तुझी माफी मागणार नाहीये. मला जे आठवतच नाही त्याची माफी कशी मागू? मी आठवून बघतोय. मला तुझा कोट आठवतो, हिरवा, एका खांद्यावर पीठ सांडलेलं. तुझा आवाज मुळीच आठवत नाही.

काल तुझं नाव कमी केलं. सगळे एका फेरीत हो म्हणाले. आमच्या इतिहासात इतका झटपट ठराव झाला नव्हता. व्हर्जिलने वहीत लिहिलं आणि पेन खाली ठेवून म्हणाला, ‘‘चुकल्यासारखं वाटतंय रे.’’ काओने विचारलं, ‘‘म्हणजे या बाई खरंच होत्या?’’ मी म्हटलं, माझी बहीण आहे. ती माझ्याकडे बघतच राहिली. सात वर्षं एका भट्टीशी उभे असतो आम्ही आणि मी तिला हे सांगितलं नव्हतं.

तर आता तुझी सही लागत नाही. तू मोकळी झालीस. आता मध्ये एकटी काओ आहे. विक्रीचा विषय पुढल्या मंगळवारी ठेवलाय, नाहीतर त्याच्या पुढल्या. कंपनीला महिनाअखेर उत्तर हवंय. पाळीप्रमाणे आता बैठक माझ्याकडे येते. ऑड्रीला काल दोनदा वाफ द्यावी लागली.

आर्वो

१७ एप्रिल २०१९

हेल्मी,

काल बैठक झाली. कसं झालं ते तुला लिहितो, कारण इथे आज माझ्याशी फारसं कोणी बोलत नाही.

काओ खंगलीय. या दोन महिन्यांत तिचा फटकळपणा गेला. गेल्या आठवड्यात पाव करपला, चांगला कोळसा झाला, आणि ती काही बोलली नाही, नुसता उचलून टाकला. तिला दुकानात मेव्हिस समजावते, गोदामात व्हर्जिल समजावतो, भट्टीशी मी काही म्हणत नाही पण खांदा चोळत राहतो. सगळे प्रेमाने. कोणी तिला एक वाकडा शब्द बोललेलं नाही. काल व्हर्जिल बैठकीला येताना तिच्यासाठी जंगली तांदळाचं सूप घेऊन आला, घरी केलेलं, ‘‘तू जेवत नाहीस हल्ली’’ म्हणून. तिने ते प्यायलं. मला वाटलं, आज ही हो म्हणणार. मला बरं वाटलं, हेल्मी. मी मनात सामान बांधायला घेतलं.

नावं मी पुकारली. पहिलं माझंच. मी हो म्हटलं. हे तू नीट वाच, मी हो म्हटलं, स्पष्ट, आणि मनापासून. माझ्यानंतर मेव्हिसचं नाव घेताना जीभ अडखळली, मध्ये थांबायची सवय झालेली. मेव्हिस हो. व्हर्जिल हो. मागून आलेली धाकटी चारही पोरं हो म्हणाली, ती थकून केव्हाच वळली होती. राहिली काओ.

ती अंगात कोट घालून बसली होती, निघायच्या तयारीत असल्यासारखी. म्हणाली, ‘‘नाही.’’ आवाज इतका बारीक की पलीकडे बसलेल्यांना ऐकू गेला नसता. मग कोणी काही बोलायच्या आधीच तिने कोट काढला, खुर्चीच्या पाठीला लावला आणि टेबलावर हात ठेवून नीट बसली. पुढचं सगळं तिला पाठ झालं होतं. जरा वेळ घेऊ या, मग कॉफी, मग पुन्हा नाव. आज शेवटपर्यंत बसायचं असं ठरवून ती घरून निघाली होती आणि बसण्यापुरतं त्राण अंगात नव्हतं, हे मला दिसत होतं. व्हर्जिलने माझ्याकडे पाहिलं. मेव्हिस कॉफीसाठी उठतच होती. फक्त माझ्या तोंडून ते चार शब्द यायचे बाकी होते. ते आले असते तर काओ काल हो म्हणाली असती. मला त्याची खात्री आहे. व्हर्जिललाही होती.

मी म्हटलं, ‘‘ती नाही म्हणाली. ठराव पडला. बैठक संपली.’’

कोणाला काही कळेना. आमची बैठक अशी कधी संपलेलीच नाही. व्हर्जिल म्हणाला, ‘‘अरे आर्वो, आत्ता तर बसलोय. तिचं म्हणणं तरी समजून घेऊ.’’

‘‘समजलंय. नाही म्हणाली ती.’’

‘‘हो, पण नाही म्हणजे नक्की काय, ते...’’

‘‘व्हर्जिल,’’ मी म्हटलं, ‘‘घरी जा.’’

त्याला इतकं उर्मट कोणी कधी बोललं नसेल. त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला. मेव्हिस परत खाली बसली आणि म्हणाली, ‘‘तुझा खांदा आहे, तुझी बायको आहे, माझ्या नातवंडांचं मी तुला काय सांगायचं,’’ आणि रडायला लागली. ती रागाने रडत होती आणि तिचं चुकत नव्हतं. पोरं गुपचूप निघून गेली.

काओ जागची हलली नाही. बैठक खरंच संपलीय यावर तिचा विश्वास बसत नव्हता. म्हणाली, ‘‘तुम्ही मला का ते नाही विचारणार?’’

‘‘तू सांगितलंस. चार मंगळवार सांगत होतीस.’’

‘‘पण तुम्हाला तर विकायचंय.’’

‘‘विकायचंच आहे. आत्तासुद्धा.’’

‘‘मग?’’

मी म्हटलं, ‘‘पहाटे वेळेवर ये.’’ ती निघून गेली. आभार वगैरे काही मानले नाहीत. मी मानूही दिले नसते.

ऑड्री जागी होती. मी आत आल्यावर तिने विचारलं, ‘‘झालं?’’ मी सगळं सांगितलं. तिने मध्येच अडवलं नाही. मग म्हणाली, ‘‘म्हणजे त्या मुलीचं तू ऐकलंस.’’ मी हो म्हटलं. ‘‘मी तीन हिवाळे काही बोलले नाही आर्वो, ते तू काय समजलास? माझी हरकत नाही म्हणून?’’

ती ओरडली नाही. तिने सांगितलं की ऑक्टोबरमध्ये ती बहिणीकडे जाणार, मी आलो तर माझ्याबरोबर, नाहीतर एकटी. तिने हे पहिल्यांदाच तोंडाने म्हटलं. मी जरा वेळ घेऊ या म्हणालो नाही. ठीक आहे म्हणालो. बेकरी विकता येत नाही पण माणसाला सोडता येते, आणि आमच्या नियमात सोडणाऱ्याला मोठी रक्कम मिळत नाही. ऑपरेशन तूर्त राहील. उन्हाळाभर मी काओला भट्टी शिकवीन. तिला ती नीट सांभाळता आली तर मी ऑक्टोबरात जाईन. नाही आली तर काय, ते मला माहीत नाही. खूप दमलोय, हेल्मी, आणि आता यात माझ्या हातात फारसं काही उरलं नाही.

आज सकाळी व्हर्जिल आला नाही. पिठाचं तिसरं की चौथं पोतं मी एकट्याने ओढत होतो, तेव्हा काओने दुसरं टोक धरलं.

काल ती ‘नाही’ म्हणाली तेव्हा मान खाली घालून, टेबलाच्या कडेवर अंगठा घासत म्हणाली. आपल्या घरात तसं एकच माणूस बोलायचं. गेला महिनाभर मी तुझा त्या दिवशीचा आवाज आठवायचा प्रयत्न करत होतो आणि तो येत नव्हता.

तू नाही म्हणाली होतीस. मला ते काल ऐकू आलं.

आर्वो